दात्याचं फुफ्फुस ‘नापास’ का ठरतं?

प्रश्न : आमच्या नात्यातला एक तरुण मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तो ब्रेनडेड असल्याचं सांगितलं. घरच्यांनी मन घट्ट करून अवयवदानाला होकार दिला. दोन्ही किडन्या आणि यकृत दिलं गेलं, डोळेही दिले. फुफ्फुसं मात्र ‘घेण्याजोगी नाहीत’ असं कळलं. मुलगा निर्व्यसनी, रोज तालमीत जाणारा. त्याचीच फुफ्फुसं का नाकारली? अशी फुफ्फुसं दुरुस्त करता येत नाहीत का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आशेचं आहे. येतात. सगळी नाही, पण नाकारलेल्या फुफ्फुसांपैकी बरीचशी पुन्हा वापरण्याजोगी होऊ शकतात, हे गेल्या वीस वर्षांत सिद्ध झालं आहे. तुमच्या नातलगाची फुफ्फुसं त्यांतली होती की नव्हती, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. पण ‘नापास’ हा शेरा त्याच्या आयुष्यभराच्या तब्येतीवरचा नव्हता, एवढं नक्की. शेवटच्या तीन-चार दिवसांत त्या फुफ्फुसांवर जे गुदरलं, त्याचा तो शेरा होता.

अवयवांमध्ये फुफ्फुसाचं दुखणं वेगळं आहे. किडनी आणि यकृत शरीराच्या आत, बंद जागेत असतात. फुफ्फुस बाहेरच्या हवेला थेट जोडलेलं. अपघातात माणूस बेशुद्ध पडला की घशाचं रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया थांबते आणि पोटातलं अन्न, आम्ल, तोंडातलं रक्त श्वासनलिकेत उतरतं. खोकला येत नाही, त्यामुळे आतला कफ आतच साचतो. नळीतून व्हेंटिलेटरचा श्वास सुरू झाला की दोन-तीन दिवसांत जंतुसंसर्गाची शक्यता वाढू लागते. उताणं झोपलेल्या शरीरात फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग मिटत जातो. छातीला मार असेल तर तो आणखी वेगळा.

याच्या जोडीला मेंदूच्या मृत्यूचा स्वतःचा आघात असतो. जखमी मेंदू सुजतो, कवटीत त्याला पसरायला जागा नसते, आतला दाब वाढत वाढत रक्तपुरवठाच तुटतो. त्या शेवटच्या टप्प्यात अ‍ॅड्रेनलिन आणि तशाच द्रव्यांचा लोंढा शरीरात सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब एकदम चढतो आणि सगळा भार फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांवर येतो. त्यांच्या भिंतींतून पाणी वायुकोशांत झिरपतं. म्हणजे छातीला खरचटलंही नसलं, तरी डोक्याच्या दुखापतीनं फुफ्फुसात पाणी भरू शकतं. तालमीतलं कमावलेलं शरीर याला रोखू शकत नाही.

नंतर उपचारांचा भाग येतो. मेंदू गेल्यावर रक्तदाब कोसळतो, लघवीवरचं नियंत्रण सुटून शरीरातलं पाणी झपाट्यानं बाहेर जातं. रक्तदाब टिकवण्यासाठी आणि किडन्या वाचवण्यासाठी सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या जातात. किडनीला हे मानवतं. आधीच गळक्या झालेल्या फुफ्फुसाला मात्र ते बुडवतं. एकाच शरीरातले दोन अवयव अशी उलटी मागणी करत असतात. पाणी मोजून-मापून दिलं, रक्तदाबासाठी योग्य औषधं आणि संप्रेरकं वापरली, तर किडनीचं नुकसान न करता फुफ्फुस कोरडं ठेवता येतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पण त्यासाठी त्या खाटेपाशी कुणीतरी तासातासाला लक्ष ठेवून असावं लागतं.

या सगळ्याचा परिणाम म्हणून अमेरिकेसारख्या देशातही, जिथं अवयवदानाची यंत्रणा कित्येक दशकं रुळलेली आहे, अनेक वर्षं ढोबळमानानं पाचांपैकी एकाच दात्याची फुफ्फुसं वापरली जात होती. इकडे रुग्ण ऑक्सिजनचं नळकांडं शेजारी ठेवून प्रतीक्षायादीत वाट पाहत असतात. फुफ्फुस आकुंचत जाण्याच्या आजारात ही वाट फार काळ पाहता येत नाही.

फुफ्फुस पास की नापास, हे ठरवतात कसं? दात्याला काही मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि धमनीतलं रक्त तपासतात. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 300 मिलिमीटर पाऱ्याच्या वर असेल, तर फुफ्फुस चांगलं मानतात. शिवाय वय 55 च्या आत, वीस वर्षं रोज एक पाकीट यापेक्षा कमी धूम्रपान, स्वच्छ एक्स-रे आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर पू किंवा अन्नाचे कण नसणं, अशी ‘आदर्श’ दात्याची व्याख्या होती. ही व्याख्या फार मोठ्या संशोधनातून आलेली नव्हती. सुरुवातीच्या शल्यविशारदांच्या भीतीतून ती आली होती, आणि ती भीती समजण्यासारखी होती. 1963 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसात पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण केलं, तेव्हा रुग्ण 18 दिवस जगला. पुढची वीस वर्षं जगभरात चाळीसेक प्रयत्न झाले आणि टिकाऊ यश एकालाही आलं नाही. अखेर 1983 मध्ये टोरंटोत डॉ. जोएल कूपर यांच्या चमूनं केलेल्या प्रत्यारोपणानंतर रुग्ण काही वर्षं जगला. इतक्या मृत्यूंनंतर मिळालेलं यश जपताना डॉक्टरांनी फक्त निर्दोष फुफ्फुसं निवडली, यात नवल नाही.

पण त्या 300 च्या आकड्याकडे नीट पाहायला हवं. तो फुफ्फुसाची त्या क्षणीची स्थिती सांगतो. पाठीकडचे वायुकोश मिटलेले असतील, एखाद्या नळीत कफाचा बोळा अडकला असेल, तरी आकडा 220 येतो. फुफ्फुस कायमचं बिघडलं असेल, तरी आकडा 220 च येतो. कफ ओढून काढला, काही सेकंद जास्त दाबाची हवा देऊन मिटलेले वायुकोश उघडले, कूस बदलली, जास्तीचं पाणी लघवीवाटे काढून टाकलं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त तपासलं, तर पहिल्या प्रकारचं फुफ्फुस 350 वर जाऊ शकतं. दुसऱ्या प्रकारचं जात नाही. एकाच तपासणीवर निकाल दिला तर दोघांनाही एकच शिक्षा होते.

याबाबतचा सगळ्यात बोलका अभ्यास युरोपातल्या बारा अतिदक्षता विभागांत झाला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. इटलीच्या डॉ. लुचियाना माशिया त्याच्या प्रमुख लेखिका. मेंदूमृत झालेल्या 118 संभाव्य दात्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मोठे श्वास, म्हणजे शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे 10 ते 12 मिलिलिटर हवा. दुसऱ्या गटाला लहान श्वास, 6 ते 8 मिलिलिटर, आणि श्वास सोडल्यावरही वायुमार्गात थोडा जास्त दाब शिल्लक. या शिल्लक दाबाला आयसीयूत ‘पीप’ म्हणतात. 65 किलोच्या माणसासाठी हा फरक साधारण 700 मिलिलिटर आणि 450 मिलिलिटर यांमधला आहे. पूर्ण मिटलेला फुगा फुगवायला पहिल्या फुंकेत जो जोर लागतो, तो अर्धा फुगलेल्याला लागत नाही. वायुकोशही पूर्ण मिटू न देता थोडे उघडे ठेवले, तर दर श्वासाला त्यांना तो ताण बसत नाही. पीपनं साधतं ते हेच.

सहा तासांनी दोन्ही गटांची तपासणी झाली. मोठ्या श्वासांच्या गटात 54 टक्के दात्यांची फुफ्फुसं निकषांत बसली. लहान श्वासांच्या गटात 95 टक्के. प्रत्यक्षात काढून घेतली गेली, ती अनुक्रमे 27 टक्के आणि 54 टक्के दात्यांची, म्हणजे बरोबर दुप्पट. यासाठी कुठलंही नवं औषध किंवा नवं यंत्र लागलं नाही. त्याच व्हेंटिलेटरची बटणं वेगळ्या आकड्यांवर फिरवली आणि काही सवयी बदलल्या, इतकंच. वैद्यकात इतक्या स्वस्तात इतका मोठा फरक क्वचितच पडतो.

बदललेल्या सवयींमधली एक आपल्याकडच्या प्रत्येक आयसीयूनं लक्षात घ्यावी अशी आहे. मेंदूचा मृत्यू निश्चित करताना ‘अ‍ॅप्निया टेस्ट’ करतात. व्हेंटिलेटर काढून ठेवतात, नळीतून ऑक्सिजन सोडतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावर शरीर स्वतःहून श्वास घेण्याचा प्रयत्न करतं का, ते काही मिनिटं पाहतात. त्या मिनिटांत, दाब नसल्यामुळे, फुफ्फुसं मिटत जातात. युरोपातल्या लहान श्वासांच्या गटात ही चाचणी वायुमार्गातला दाब कायम ठेवून केली गेली. चाचणीचा निष्कर्ष तितकाच विश्वासार्ह राहिला आणि फुफ्फुसं उघडी राहिली.

भारतात 1994 च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यूची तपासणी डॉक्टरांच्या मंडळाकडून दोनदा होते आणि दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर लागतं. म्हणजे अ‍ॅप्निया टेस्टही दोनदा. नातेवाइकांची समजूत, संमती, कागदपत्रं, अपघात असेल तर पोलीस, मग बाहेरगावाहून येणारे शल्यविशारद, हे सारं धरलं तर पुष्कळदा एक अख्खा दिवस जातो. या दिवसभरात फुफ्फुस सुधारतं किंवा हातचं जातं. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात फुफ्फुसदान वाढवण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता इथून जातो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपेक्षाही सांगली, सोलापूर, नांदेड, जळगावच्या आयसीयूतल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे आकडे माहीत असणं जास्त मोलाचं आहे. यात नैतिक अडचणही नाही. लहान श्वास, स्वच्छ वायुमार्ग, डोक्याकडची बाजू उंच केलेली खाट, ही गंभीर रुग्णाची चांगली शुश्रूषाच आहे. तो वाचणार असेल तरी हवी आणि वाचणार नसेल तरी हवी.

आता यंत्राकडे येऊ, कारण तुम्ही ‘दुरुस्त’ हा शब्द वापरला आहे आणि तो अगदी बरोबर आहे.

काढलेलं फुफ्फुस बर्फात ठेवून न्यायचं, ही जुनी पद्धत. थंडीनं पेशींची भूक मंदावते आणि सहा ते आठ तास मिळतात. पण बर्फातलं फुफ्फुस निपचित असतं. ते श्वास घेत नाही, त्यातून रक्त वाहत नाही, त्यामुळे ते कसं काम करेल हे तपासायचा मार्गच नसतो. शंका असेल तर शल्यविशारद नकार देतो. त्याच्यासमोर टेबलावर जो रुग्ण असतो, त्याचा जीव पणाला लावणं त्याला परवडत नाही.

स्वीडनमधल्या लुंड इथले डॉ. स्टिग स्टेन यांनी या अडचणीवर वेगळ्या दिशेनं विचार केला. त्यांना हृदय बंद पडून मेलेल्या माणसांची फुफ्फुसं वापरायची होती. इतर अवयव रक्त थांबल्यावर मिनिटांत गुदमरू लागतात. फुफ्फुसाच्या पेशी मात्र वायुकोशांत उरलेल्या हवेतूनच ऑक्सिजन घेऊ शकतात, म्हणून त्या जास्त वेळ तग धरतात. पण अशा दात्याच्या शरीरात फुफ्फुसाची परीक्षा घेणार कशी? रक्ताभिसरण तर थांबलेलं. मग स्टेन यांनी फुफ्फुस बाहेर काढून, यंत्रावर चालवून तपासायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी एक द्रावण तयार केलं, जे आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्यात मानवी अल्ब्युमिन हे प्रथिन आणि डेक्स्ट्रान असतं. या घटकांमुळे द्रावण ऊतींमधलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. 2000 मध्ये लुंडच्या रुग्णालयात हृदयविकारानं मृत्यू झालेल्या दात्याचं फुफ्फुस त्यांनी असं तपासलं आणि 54 वर्षांच्या एका स्त्रीला बसवलं. त्या कामात एक गोष्ट ध्यानात आली: तपासणीसाठी यंत्रावर ठेवलेलं सुजकं फुफ्फुस तिथंच सुधारूही शकतं. 2005 मध्ये त्यांच्याच चमूनं इतरांनी नाकारलेलं एक फुफ्फुस यंत्रावर सुधारून प्रत्यारोपित केलं.

हे तंत्र रोजच्या वापरात आणलं टोरंटोच्या डॉ. शफ केशवजी आणि डॉ. मार्सेलो सायपेल यांनी. लुंडमध्ये द्रावणात तांबड्या पेशी मिसळत आणि फुफ्फुसं तासा-दीड तासात उतरवत. टोरंटोच्या चमूला त्यांना उपचारासाठी पुरेसा वेळ द्यायचा होता, कित्येक तास. म्हणून त्यांनी सगळंच सौम्य केलं. पारदर्शक घुमटाखाली दोन्ही फुफ्फुसं ठेवतात. फुफ्फुसधमनीतून पेशीविरहित द्रावण आत सोडतात. माणसाचं हृदय मिनिटाला जितकं रक्त ढकलतं, त्याच्या फक्त 40 टक्के प्रवाह. तापमान हळूहळू 37 अंशांवर नेतात. ऊब आल्यावर श्वास सुरू करतात, दर किलोमागे 7 मिलिलिटर आणि मिनिटाला फक्त 7 श्वास. बाहेर येणाऱ्या द्रावणातला ऑक्सिजन एका पडद्यातून मुद्दाम काढून घेतात, म्हणजे पुढच्या फेरीत फुफ्फुसाला तो स्वतः भरावा लागतो. भरता येतो की नाही, हे तासातासाला मोजतात. यंत्रावरच एक्स-रे काढतात, दुर्बीण घालून कफ धुतात, फुफ्फुसाचा लवचिकपणा पाहतात. पाणी ओसरू लागलं की करडं, जड फुफ्फुस गुलाबी आणि हलकं होत जातं.

2011 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जास्त जोखमीच्या 23 दात्यांची फुफ्फुसं चार तास यंत्रावर ठेवली, त्यांतली 20 वापरली गेली. प्रत्यारोपणानंतर 72 तासांनी नव्या फुफ्फुसाचं काम गंभीररीत्या बिघडलेलं असण्याचं प्रमाण या रुग्णांत 15 टक्के होतं. त्याच काळात नेहमीच्या पद्धतीनं निवडलेल्या फुफ्फुसांत ते 30 टक्के होतं. संख्या लहान असल्यानं यंत्रावरची फुफ्फुसं सरस आहेत, असं यावरून म्हणता येत नाही. पण ती उणी नाहीत, हे दिसलं आणि तेवढंही पुरेसं होतं. 2014 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा एका यंत्राला परवानगी दिली.

सगळीकडे इतकं चांगलं घडलं नाही, हेही सांगायला हवं. ब्रिटनमधल्या पाच केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीत 53 दात्यांची फुफ्फुसं यंत्रावर चढवली गेली आणि फक्त 18 वापरता आली. ज्यांना ती मिळाली, त्यांच्यातल्या अनेकांना सुरुवातीचे दिवस जड गेले, कृत्रिम फुफ्फुसाचा आधार जास्त जणांना लागला, आणि चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली. टोरंटोत जे जमलं, ते ब्रिटनमध्ये का जमलं नाही? पद्धत पूर्ण सारखी नव्हती आणि अनुभव अनेक केंद्रांत विखुरलेला होता. मला यातून दिसतं ते असं, की या यंत्राचं यश ते चालवणाऱ्या हातांच्या सरावावर अवलंबून आहे. वर्षाला चार फुफ्फुसं करणाऱ्या केंद्रानं ते विकत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. टोरंटोचा चमू दूरच्या शहरांतली फुफ्फुसंही आपल्याकडे मागवून, सुधारून पुढे पाठवण्याच्या व्यवस्थेचा पुरस्कार करत आला आहे, आणि मला ते पटतं. आपल्याकडे हे यंत्र व्यापक प्रमाणात आलं, तर एका राज्यात एकाच ठिकाणी पण रोज वापरात असणारं हवं.

यंत्रावर फुफ्फुस तासन्‌तास जिवंत राहतं म्हटल्यावर संशोधकांच्या हाती एक अपूर्व संधी आली: अवयवावर उपचार करायचे, पण रुग्णाच्या शरीराला त्यांचा उपद्रव होऊ द्यायचा नाही. न्यूमोनिया असलेल्या फुफ्फुसात भरपूर मात्रेची प्रतिजैविकं सोडता येतात, कारण तिथं किडनी नाही, जिला ती बाधतील. हिपॅटायटिस सी झालेल्या दात्यांची फुफ्फुसं टोरंटोत यंत्रावर ठेवून, फिरणाऱ्या द्रावणावर अतिनील किरण टाकून विषाणूचा भार कमी केला गेला. उरलेलं काम नंतर रुग्णाला दिलेल्या विषाणूविरोधी गोळ्यांनी केलं. 2022 मधला प्रयोग तर मला विलक्षण वाटतो. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये सापडलेली दोन विकरं वापरून टोरंटोच्या चमूनं ‘ए’ रक्तगटाच्या फुफ्फुसातली ‘ए’ची खूण चार तासांत 97 टक्क्यांहून जास्त पुसून टाकली. ती फुफ्फुसं प्रत्यारोपणासाठी वापरली नव्हती, प्रयोग फक्त यंत्रावरचा होता. पण त्याचा अर्थ ‘ओ’ गटाच्या रुग्णांना विचारा. त्यांना फक्त ‘ओ’ गटाचंच फुफ्फुस चालतं, तर ‘ओ’ गटाचं फुफ्फुस मात्र इतर कुणालाही देता येतं. यादीत ते मागे का राहतात, हे यावरून कळेल.

अमेरिकेतल्या कोलंबिया आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांच्या संशोधकांनी नाकारलेली मानवी फुफ्फुसं भूल दिलेल्या डुकराच्या रक्ताभिसरणाला जोडून 24 तास जिवंत ठेवली आणि ती सुधारत गेल्याचं 2020 मध्ये दाखवलं. हे अजून प्रयोगशाळेतच आहे.

यापेक्षा आपल्या देशासाठी मला महत्त्वाची वाटते ती एक साधीसुधी गोष्ट: तापमान. बर्फपेटीत फुफ्फुस चार अंशांच्या आसपास असतं, कधी त्याहूनही खाली. 10 अंशांना फुफ्फुस जास्त चांगलं टिकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत तीसेक वर्षांपूर्वीच दिसलं होतं. पण बर्फ कुठंही मिळतो आणि बरोबर 10 अंश राखणारी पेटी तेव्हा सहज मिळत नव्हती, म्हणून ते मागे पडलं. टोरंटोच्या चमूनं ते पुन्हा उचललं. 2023 मध्ये टोरंटो, व्हिएन्ना आणि माद्रिदच्या केंद्रांनी 70 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संध्याकाळी-रात्री मिळालेली फुफ्फुसं 10 अंशांना ठेवून शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली, आणि रुग्णांची प्रकृती नेहमीच्या पद्धतीइतकीच चांगली राहिली.

मध्यरात्रीच्या धावपळीऐवजी ताजातवाना चमू, पूर्ण रक्तपेढी, सगळे तज्ज्ञ हजर, हा फायदा तर आहेच. आपल्याकडे अंतराचाही प्रश्न आहे. देशातली फुफ्फुस प्रत्यारोपणं मुख्यतः चेन्नई, हैदराबादसारख्या मोजक्या शहरांत होतात. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या दात्याचं फुफ्फुस तिथवर पोहोचायचं, तर रस्त्यावरचा ग्रीन कॉरिडॉर, विमानाची वेळ, हवामान, सगळं सहा-आठ तासांत बसावं लागतं. विमान मिळत नाही म्हणून धडधाकट फुफ्फुस सोडून द्यावं लागणं, हे मला फार लागतं. बारा तासांहून जास्त हाती आले, तर नकाशावरची कितीतरी गावं आवाक्यात येतील. आणि स्थिर तापमानाची पेटी हे काही कोट्यवधींचं यंत्र नाही.

प्रश्न : सिगारेट ओढणाऱ्याचं फुफ्फुस देतात असं ऐकलं. हे खरं का? आणि घेणाऱ्यावर तो अन्याय नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. ब्रिटनमध्ये 1999 ते 2010 या काळात झालेल्या फुफ्फुस प्रत्यारोपणांपैकी सुमारे 39 टक्के प्रत्यारोपणांत दाता धूम्रपान करणारा होता. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत अशी फुफ्फुसं मिळालेल्यांचं तीन वर्षांपर्यंत जगण्याचं प्रमाण, न ओढणाऱ्याचं फुफ्फुस मिळालेल्यांपेक्षा कमी निघालं. पण ते नाकारून यादीत वाट पाहत राहिलेल्यांपेक्षा ते जास्त होतं. रुग्णासमोर ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अशी निवड नसते. हे आज घ्यायचं, की पुढचं येईपर्यंत आपण असू या भरवशावर थांबायचं, अशी ती असते. अन्याय होईल तो रुग्णाला न सांगता दिलं तर. यादीत नाव घालतानाच, शांत वेळी, हे बोलून घ्यायला हवं. रात्री दोन वाजता फोन आल्यावर नाही. नव्या फुफ्फुसाचं आयुष्यही आधीच सांगायला हवं: प्रौढांत निम्मे रुग्ण साधारण सहा-सात वर्षांनंतरही जगलेले असतात, म्हणजे किडनी किंवा यकृताच्या तुलनेत हा अवयव कमी टिकतो.

प्रश्न : घरच्यांनी होकार दिल्यावर आम्हाला जवळजवळ एक दिवस थांबावं लागलं. इतका वेळ नेमकं काय चाललेलं असतं? देहाची विटंबना तर होत नाही ना?
— एक वाचक भगिनी, अमरावती

उत्तर : ताई, तो दिवस घरच्यांसाठी किती जड असतो, याची कल्पना आहे. त्या वेळात दात्याच्या रक्ताच्या तपासण्या होतात: रक्तगट, एचआयव्ही, कावीळ. हृदयाची सोनोग्राफी होते. फुफ्फुसांसाठी छातीचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, आणि वर सांगितलेली धमनीतल्या रक्ताची चाचणी पुन्हा पुन्हा होते. पहिला आकडा कमी आला तर कफ काढून, व्हेंटिलेटर बदलून, काही तासांनी पुन्हा तपासणं हे फुफ्फुसाला दिलेली दुसरी संधी असते. म्हणजे या थांबण्यातले काही तास तुमच्या माणसाचं आणखी एक दान शक्य व्हावं म्हणून खर्ची पडतात. थांबण्याचं कारण तुम्ही रुग्णालयाच्या अवयवदान समन्वयकांना जरूर विचारा. फुफ्फुसांचं काय ठरलं आणि का, हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.

अवयव शस्त्रक्रियागृहात, नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या शिस्तीनं काढतात. छाती-पोटावरचा छेद टाके घालून बंद करतात आणि कपडे घातल्यावर काही दिसत नाही. फुफ्फुसं काढली तरी बरगड्यांचा पिंजरा तसाच असल्यामुळे छातीचा आकार बदलत नाही. अपघाताची केस असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन यांचा मेळ समन्वयक आधीच घालून घेतात. तरीही त्यात वेळ जाऊ शकतो, म्हणून अंत्यविधीची वेळ नातेवाइकांना कळवण्याआधी त्यांच्याकडून अंदाज घ्यावा.